मोनोस्पेस म्हणजे निःसंदिग्ध नव्हे

डिजिटल पुराव्याच्या अहवालाला कोणता फाँट लावावा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘मोनोस्पेस टाका, अक्षरांचा घोळ होणार नाही.’ होतो! कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोनोस्पेस सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, त्यामुळे हेक्स डंपचे (फाइलमधले बाइट अंक-अक्षरांत मांडलेल्या यादीचे) रकाने सरळ लागतात आणि ‘आर’ व ‘एन’ चिकटून ‘एम’ भासत नाहीत. तेवढंच.

निःसंदिग्धपणा रुंदीत नसतो, आकारात असतो. कुरिअर न्यू हा फाँट पक्का मोनोस्पेस. पण त्यातला छोटा एल आणि एकचा अंक शेजारी ठेवून बघा. दोघांनाही वर डावीकडे शेंडी, खाली आडवी बैठक. शून्याच्या पोटात ना रेघ ना ठिपका. कॅपिटल ओपेक्षा ते जरा अरुंद, इतकाच फरक. उलट २०१९चा मूळ ॲटकिन्सन हायपरलेजिबल हा फाँट मोनोस्पेस नाही, तरी त्यात शून्याला रेघ आहे आणि एलला खाली वळण. कन्सोलास हा फाँट मोनोस्पेसही आहे आणि त्यात शून्याला रेघही आहे.

हे नडतं कुठे? एसएचए-२५६ हॅशमध्ये, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशात, फारसं नाही. त्याच्या ६४ हेक्स अक्षरांत शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं; तिथे कॅपिटल बी आणि आठ सांभाळा. खरं नडतं ते पासवर्ड, युजरनेम आणि बेस६४मध्ये (डेटा अक्षर-अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत), कारण तिथे छोटी-मोठी सगळी अक्षरं आणि अंक एकत्र येतात. बिटकॉइनच्या बेस५८ या तशाच पद्धतीने शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि छोटा एल सरळ वगळले. पुराव्यात ती मुभा नाही. सापडलं ते जसंच्या तसं दाखवायचं, म्हणून सगळा भार फाँटवर येतो.

शून्यात मला रेघच हवी. ठिपका झेरॉक्समध्ये पसरतो. आणि लिगेचर, म्हणजे शेजारची चिन्हं जोडून एकच आकार दाखवणं, बंद ठेवा, कृपा करून. फिरा कोड या फाँटमध्ये उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह मिळून एकच ‘≠’ दिसतं. फाइलमध्ये दोन बाइट आहेत, तर कागदावर दोनच चिन्हं दिसली पाहिजेत.

लॅटिन छोटा ए आणि सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या लिपीतला) छोटा ए यांच्यापुढे मात्र चांगला फाँटही हात टेकतो, कारण बहुतेक फाँटांत त्यांचा आकार एकच असतो. तिथे अक्षराशेजारी युनिकोड क्रमांक छापा: ००६१ की ०४३०. आणि पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच घाला, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर भलताच फाँट उघडेल.