मॉर्मन पंथ : सदस्यगणना व सक्रियता

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचा विस्तार तीन मापांनी मोजतात : पटावरील सदस्य, सभांमधील हजेरी आणि जनगणनेत लोकांनी स्वतः सांगितलेला धर्म. ही मापे एकमेकांशी जुळत नाहीत. येथे पंथाच्या सर्वांत मोठ्या शाखेचा, सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चा विचार केला आहे. २०१८ पासून ही संस्था स्वतःसाठी ‘मॉर्मन’ हे नाव टाळते.

न्यूयॉर्क राज्यात ६ एप्रिल १८३० रोजी स्थापन झालेल्या या चर्चची सदस्यसंख्या १९४७ मध्ये १० लाख व १९९७ मध्ये १ कोटी झाली. २०२४ अखेर ती १,७५,०९,७८१ होती.

सदस्य कोणाला म्हणावे, हाच कळीचा प्रश्न आहे. बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. मात्र त्याहून लहान मुलांची नोंद झालेली असल्यास तीही गणनेत येतात. सभेला येणे थांबले म्हणून नाव कमी होत नाही; त्यासाठी मृत्यूची नोंद, स्वतः केलेली मागणी किंवा बहिष्कार लागतो. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्यांची नावे वयाच्या ११० वर्षांपर्यंत राहू शकतात. २०२४ मध्ये ३,०८,६८२ धर्मांतरितांचे बाप्तिस्मे व ९१,६१७ नव्या बालकांची नोंद झाली, पण निव्वळ वाढ २,५४,३८७ भरली. उरलेल्या सुमारे १ लाख ४६ हजारांत मृत किती व सोडून गेलेले किती, याची फोड वार्षिक अहवाल देत नाही.

रविवारच्या प्रभुभोजनसभेची शिरगणती स्थानिक कारकून नियमित करतात, परंतु तिचे जागतिक आकडे प्रसिद्ध होत नाहीत. १९९२ च्या एका कोशात साप्ताहिक उपस्थिती आशिया व लॅटिन अमेरिकेत सुमारे २५%, यूरोपात ३५%, तर अमेरिका, कॅनडा, आफ्रिका व दक्षिण पॅसिफिकमध्ये ४० ते ५०% दिली आहे.

तफावत लॅटिन अमेरिकेत सर्वाधिक ठळक आहे. चिलीच्या २००२ च्या जनगणनेत १,०३,७३५ जणांनी स्वतःला मॉर्मन म्हटले. चर्चचा आकडा ५ लाखांच्या वर होता. ब्राझीलमध्ये २०१० साली २,२६,५०९ विरुद्ध ११ लाखांच्या आसपास, असे चित्र दिसले. घाईने दिलेले बाप्तिस्मे हे याचे एक कारण मानले जाते. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड नोल्टन यांनी दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात याकडे लक्ष वेधले : पट संस्थेचा दावा सांगतो, जनगणना व्यक्तीची ओळख. हे विवेचन अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यात कोणताही आकडा खोटा ठरवावा लागत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९८४ मध्ये वर्तवले, की दर दशकी ३०% वाढ धरल्यास २०८० पर्यंत सदस्य ६ कोटींवर आणि ५०% धरल्यास २६.५ कोटींवर जातील. १९८०–९० मधील वाढ ५०% च्याही पुढे गेली, त्यामुळे अंदाजाला बळ मिळाले. पुढे वेग मंदावला. २०१४–२४ मध्ये वाढ १४% च्या जवळपास राहिली. शिवाय हा अंदाज पटावरील संख्येवर बेतलेला असल्याने सक्रिय अनुयायांबद्दल तो मौन आहे. अनेक अभ्यासक म्हणूनच मंडळ्या (एकत्र उपासना करणारे स्थानिक गट) व ‘स्टेक’ (मंडळ्यांचे विभाग) यांची संख्या पाहतात. त्या चालवायला प्रत्यक्ष माणसे लागतात. चिलीत २००२ नंतर अनेक स्टेक एकत्र करावे लागले.

भारतात जनगणना ख्रिस्ती पंथांची स्वतंत्र आकडेवारी देत नसल्याने अशी तुलना करता येत नाही. पहिला भारतीय स्टेक २०१२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाला.