मुंबईचं विमान बाळेकुंद्रीकडून का येतं?

माझी आत्या बाळेकुंद्रीत राहते, बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या पूर्वेला. मृग लागला की तिचा एकच प्रश्न: "मुंबई तर तिकडं, कोल्हापूरच्या अंगाला. मग मुंबईचं विमान उगवतीकडनं कसं येतंय रे?" प्रश्न अगदी नेमका आहे. बेळगाव-मुंबई विमानाला एवढा वेळ का लागतो, याचं थोडं उत्तर त्यातच आहे.

आधी अंतर. रस्त्यानं मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात. सरळ रेषेतलं अंतर शाळेतल्या पायथागोरसनं वहीतच काढता येतं. सांबरा विमानतळ १५.८६ अंश उत्तर, ७४.६२ अंश पूर्व, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडं ३५९ किलोमीटर. रेखांश ध्रुवाकडं जवळजवळ येत जातात, त्यामुळं आपल्या पट्ट्यात त्यांचा एक अंश १०६ किलोमीटरच भरतो, पश्चिमेकडं १८६. कर्ण येतो ४०४ किलोमीटर.

जेट विमान ताशी ८३० किलोमीटरनं उडतं. भागाकार केला तर अर्धा तास. वेळापत्रकात मात्र तासाहून जास्त लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे, कारण ८३० हा वेग फक्त वरच्या सपाट वाटेवरचा.

विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं, म्हणजे एक किलोमीटर उतरायला १९ किलोमीटर पुढं जावं लागतं. दहा किलोमीटर उंचीवरून साडेसातशे मीटर उंचीच्या सांबऱ्याला यायचं तर पावणेदोनशे किलोमीटर हवेत. विमान सरळ रेषेत आलं तर सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या आसपासच उतरणीला लागलेलं असतं! चढायलाही दीड-दोनशे किलोमीटर जातात. मग सपाट वाट उरते किती? म्हणून एवढ्या पल्ल्यावर विमानं पुष्कळदा कमी उंचीवरूनच जातात. त्यात दहा हजार फुटांखाली वेगाला ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा. शिवाय वेळापत्रकातली वेळ चाकं हलल्यापासून थांबेपर्यंतची. मुंबईत धावपट्टीकडं जाताना रांगेत उभं राहणंही त्यातच आलं.

आता आत्याचा प्रश्न. सांबऱ्याची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांवर ०८ आणि २६ असे आकडे रंगवलेत. दहानं गुणा, होकायंत्रावरची दिशा मिळते. पंखाला तोलून धरते ती समोरून येणारी हवा. विमानाला उतरताना हवेच्या मानानं ताशी २४० वेग लागतो असं धरू. समोरून ३० चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग २१०. तोच वारा पाठीमागून आला तर २७०. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. ओल्या धावपट्टीवर हा फरक फार मोठा आहे.

पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा. विमानानं तोंड पश्चिमेला करायचं तर आधी पूर्वेला जायला हवं. म्हणून मुंबईहून आलेलं विमान सांबरा ओलांडून बाळेकुंद्रीच्या अंगाला जातं, वळतं, चाकं काढतं आणि मग उतरतं. या वळशातही काही मिनिटं जातात.

थंडीत पूर्वेचा वारा सुटला की हीच विमानं बेळगाव शहराच्या बाजूनं उतरतात, आणि आत्याला गच्चीवरून दिसतात ती उडून वर चढणारी.