सॉफ्टवेअर पेटंट

सॉफ्टवेअर पेटंट म्हणजे प्रोग्रॅम ज्या रीतीने काम करतो त्या रीतीवरच मिळालेला मालकी हक्क. कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप मिळतो, भारतात तर लेखक गेल्यावरही ६० वर्षं राहतो, पण तो फक्त लिहिलेल्या ओळींना असतो, तेच काम दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने वेगळा कोड लिहून केलं तर त्याला अडवता येत नाही. पेटंट असेल तर अडवता येतं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि समोरच्याने तुमचा प्रोग्रॅम आयुष्यात बघितला नसेल तरीही. वादाचं मूळ हेच आहे.

निसर्गाचा नियम किंवा गणिताचं सूत्र कुणाच्या नावावर होत नाही हे बहुतेक देशांना मान्य आहे. पण प्रोग्रॅम हे शेवटी गणितच, मग त्याचं काय? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हा प्रश्न १९७२ ला आला, गॉटशॉक विरुद्ध बेन्सन खटल्यात. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या दोघांनी आकडे बदलायच्या एका पद्धतीवर पेटंट मागितलं होतं. ५३ हा आकडा मशीनमध्ये ५ आणि ३ वेगवेगळे मांडून ०१०१ ००११ असा ठेवलेला असतो, त्याचं सरळ बायनरीत, म्हणजे अख्खा आकडा ० आणि १ मध्ये लिहायच्या रीतीत, ११०१०१ करायचं, बस एवढंच. हे तर कागद-पेन्सिल घेऊनही करता येतं. कोर्टाने नाही म्हटलं, कारण पेटंट दिलं असतं तर ते हिशोबाच्या रीतीवरच दिल्यासारखं झालं असतं. माझ्या मते आजवरचा सगळ्यात स्वच्छ निकाल हाच.

१९८१ च्या डायमंड विरुद्ध डिअर खटल्यात मात्र पेटंट मिळालं आणि तेही पटण्यासारखं आहे. तिथे रबर साच्यात भाजायचं काम होतं, साच्यातलं तापमान सतत मोजत राहायचं, कॉम्प्युटर अऱ्हेनियसच्या जुन्याच समीकरणाने (तापमानावरून रासायनिक क्रियेचा वेग सांगणाऱ्या) वेळ पुन्हापुन्हा काढणार आणि वेळ झाली की साचा दाबून धरणारं प्रेस मशीन आपोआप उघडणार. समीकरण सगळ्यांचंच राहिलं, पेटंट रबर बनवायच्या प्रक्रियेला मिळालं. नंतर मात्र दारं फारच सताड उघडली, १९९९ ला अॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्यावर पेटंट मिळालं. २०१४ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या अॅलिस निकालाने याला ब्रेक लागला, अमूर्त कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट नाही.

त्रास काय होतो ते जीआयएफ या चित्रांच्या फाइलवरून कळतं. कंप्युसर्व्ह या अमेरिकन ऑनलाइन सेवेने १९८७ मध्ये हा फॉरमॅट काढला, आत एलझेडडब्ल्यू नावाची डेटा दाबून लहान करायची पद्धत वापरली, जगभर लोकांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९४ च्या शेवटी कळलं की पद्धतीचं पेटंट युनिसिस या कॉम्प्युटर कंपनीकडे आहे आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी लायसन्सचे पैसे भरायचे. लोकांनी मग नव्याने पीएनजी हा चित्रांचा फॉरमॅट बनवला. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं. यात चोरी कुणीच केली नव्हती हे लक्षात घ्या.

युरोपियन संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव जुलै २००५ मध्ये ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'पर से' म्हणजे नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम यांना पेटंट नाकारतं. २००४ च्या अध्यादेशात उद्योगातल्या तांत्रिक वापराला आणि हार्डवेअरबरोबरच्या प्रोग्रॅमला सूट घातली होती, २००५ ला संसदेने ती काढून टाकली, आणि फार बरं केलं, कारण तशी सूट राहिली असती तर दोनचार जणांच्या छोट्या कंपनीला कोड लिहिण्याआधी वकील गाठावा लागला असता. दार पूर्ण बंद नाही, २०१९ च्या फरीद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून अर्ज नाकारता येणार नाही. आता परिणाम तांत्रिक कशाला म्हणायचं, यावरच अर्जदार आणि पेटंट ऑफिसचे परीक्षक भांडत असतात.