सरासरीत लपलेली पहाट

झोपेत श्वास अडकतो का, हे बघणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट हातात येतो. एएचआय साडेनऊ, पुढे शेरा ‘सौम्य’. हायसं वाटतं आणि कागद फाइलमध्ये जातो. मला त्या साडेनऊबद्दल बोलायचं आहे, कारण ती सरासरी आहे आणि झोप काही रात्रभर एकसारखी नसते.

झोपेच्या दर तासाला किती वेळा श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, ते एएचआय सांगतो. ५ ते १५ सौम्य, ३० पासून पुढे तीव्र. आता समजा, कुणी सात तास झोपलं. त्यातला दीड तास रेम झोपेचा, म्हणजे ठसठशीत स्वप्नांचा. त्यात ताशी ३० वेळा श्वास अडकला, तर झाले ४५. उरलेल्या साडेपाच तासांत ताशी ४ धरले, तर २२. एकूण ६७, त्याला सातने भागलं की साडेनऊच्या आसपास. शेरा सौम्यच, पण स्वप्नांच्या त्या दीड तासापुरतं बघितलं तर हा माणूस तीव्र गटात बसतो.

असं का होतं? रेम झोपेची ओळख जगाला १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी करून दिली. या झोपेत मेंदू जवळपास जागेपणाइतका गजबजलेला असतो आणि अंग मात्र लुळं पडतं. म्हणून तर स्वप्नात धावताना आपण पलंगावरून उठून पळत नाही. या लुळेपणातून डोळे हलवणारे स्नायू सुटतात आणि श्वासपटल सुटतं. जीभ आणि घसा सुटत नाहीत. घशाला हाडाचा आधार जवळपास नाहीच, तो उघडा राहतो स्नायूंच्या ताणावर. ताण सैल पडला की श्वासपटल खालून हवा ओढत राहतं आणि वरची वाट मिटते. एरवी रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू लगेच सावध होतो. रेममध्ये ही सावधगिरीही बोथट होते. त्यामुळे श्वास जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन जास्त खाली उतरतो.

शेजारी कुणी जागं असेल, तर त्याला कळेल. घोरणं एकदम थांबतं. छाती आणि पोट हलत राहतात, पण नाकाशी धरलेल्या बोटाला हवा लागत नाही. मग खर्रकन मोठा श्वास, एक कूस, आणि पुन्हा शांतता. रात्रीची पहिली रेम फेरी काही मिनिटांत आटोपते, शेवटची अर्ध्या तासापर्यंतही चालते. म्हणजे हे सगळं घडतं मुख्यतः पहाटे, ऐकणारंही झोपलेलं असताना.

असा रेमपुरता ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, स्त्रियांमध्ये आणि तरुणांमध्ये तुलनेने जास्त दिसतो. तो क्षुल्लक समजू नये, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून २०१४ साली दिसलं, की रेममधल्या अडथळ्यांचा उच्च रक्तदाबाशी संबंध आहे, बाकीची झोप ठीक असली तरी. म्हणून रिपोर्टमध्ये रेमचा एएचआय वेगळा दिला आहे का, ते डॉक्टरांना जरूर विचारावं. घरी करायच्या साध्या चाचणीत मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, तिथे हा आकडा थेट मिळत नाही.

ज्यांना सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, दिलेलं असतं, त्यातले बरेच जण मध्यरात्री जाग आली की मास्क काढून ठेवतात. चार तास तर झाले, असा हिशेब असतो. पण रेमचा मोठा वाटा त्यानंतर येतो, आणि तेव्हा मास्क उशाशी पडलेला असतो.