उसनी बातमी व मूळ विश्लेषण (तंत्रज्ञानवृत्त)

इतरत्र आलेला मजकूर किंवा कंपनीची प्रेस नोट शब्द फिरवून पुन्हा छापली, की ती उसनी बातमी. स्वतः केलेले मापन, तपासणी वा कारणमीमांसा यांवर उभा असलेला मजकूर ते मूळ विश्लेषण. तंत्रज्ञानवृत्तात हा भेद विशेष जाणवतो, कारण नव्या उपकरणाची पहिली माहिती बहुधा उत्पादकच देतो.

उसन्या बातमीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही जण तो प्रेस नोटेशी जोडतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथील रेल्वे अपघातानंतर प्रसिद्धी-सल्लागार आयव्ही ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेतर्फे काढलेले निवेदन न्यूयॉर्क टाइम्सने जसेच्या तसे छापले. हीच पहिली प्रेस नोट, असे सामान्यतः सांगतात. ‘पहिली’ हे विशेषण मात्र जपूनच घ्यावे. प्रथा याहून बरीच जुनी दिसते. १७९२ च्या अमेरिकी टपाल कायद्यानुसार संपादकांना एकमेकांचे अंक विनाशुल्क पाठवता येत, आणि त्यांतील बातम्या कात्रीने कापून आपल्या अंकात घेणे हा रोजच्या कामाचाच भाग असे. त्यामुळे उगम या देवाणघेवाणीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रेस नोटेने बदलले ते इतकेच, की कापायचा मजकूर ज्याच्याविषयी बातमी त्याच्याकडूनच येऊ लागला.

अशा लेखनाला इंग्रजीत रूढ असलेला ‘चर्नलिझम’ हा उपहासात्मक शब्द बीबीसीचे पत्रकार वसीम झाकिर यांनी घडवला, असे मानतात. त्याचा प्रसार ब्रिटिश पत्रकार निक डेव्हिस यांच्या २००८ मधील ग्रंथाने झाला. त्या ग्रंथासाठी कार्डिफ विद्यापीठातील अभ्यासकांनी ब्रिटिश दैनिकांची पाहणी केली. तीत सुमारे ६० टक्के बातम्या पूर्णतः वा मुख्यतः वृत्तसंस्था आणि प्रसिद्धी-साहित्यावर आधारलेल्या आढळल्या. पाहणी सर्वसाधारण बातम्यांची होती; तो आकडा तंत्रज्ञानवृत्ताला सरसकट लावू नये.

कायद्याने हा प्रश्न अर्धवटच सोडवला आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्या उचलल्याच्या खटल्यात १९१८ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ताज्या बातमीला स्पर्धकापुरते मालमत्तेसारखे संरक्षण दिले. न्या. ब्रँडाइस यांनी भिन्नमत नोंदवले. निव्वळ तथ्यांवर स्वामित्वहक्क नसतो, हे त्याच न्यायालयाच्या १९९१ च्या ‘फाइस्ट’ खटल्यातील निकालाने पक्के झाले. म्हणजे वाक्ये उचलणे बेकायदा ठरू शकते, पण त्यांतली माहिती घेऊन नवी वाक्ये रचणे सहसा ठरत नाही.

माहिती प्रथम कोणाला मिळाली, यावर मूळपण ठरत नाही. जुलै २०१३ मध्ये आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने दाखवले, की सॅमसंग गॅलेक्सी एस ४ च्या एका आवृत्तीतील ग्राफिक्स प्रोसेसर ठरावीक चाचणी-ॲप (फोनची कार्यक्षमता मोजणारी ॲप) चालू असतानाच ५३३ मेगाहर्ट्झवर जातो. इतर ॲपसाठी मर्यादा ४८० मेगाहर्ट्झ. पहिला सुगावा बाहेरच्या एका निरीक्षकाचा होता आणि तसे श्रेयही दिले गेले. तरी स्वतः पडताळणी करून कारण शोधल्यामुळे तो लेख मूळ विश्लेषणातच मोडतो. उलट, एम्बार्गो (ठरलेल्या वेळेपूर्वी माहिती न छापण्याची उत्पादकाची अट) उठताच शेकडो ठिकाणी झळकणारी तांत्रिक वैशिष्ट्यांची यादी सर्वांची ‘स्वतःची’ असूनही उसनीच.

शोधयंत्रांनी या भेदाला आर्थिक वजन दिले. गूगलने फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ बदलाने नकललेल्या व उथळ मजकुराचे स्थान खाली आणले, तर सप्टेंबर २०१९ मध्ये मूळ वार्तांकनाला प्राधान्य देण्याचे जाहीर केले.