करडईचं तेल क्रीममध्ये कसं आलं, नि मधी कुठं गेलं होतं

सोलापुरात थंडी तशी बेताचीच, पण हवा इतकी कोरडी की जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे तेल लावायच्या विधीला, ६८ लिंगांना तेल लागतं तोवर आपल्या टाचा उललेल्या असतात. (यण्णी म्हणजे कन्नडमधी तेलच की.) आमच्या घरी त्यावर कोकमतेल. नाव तेल, पण दिसायला पांढरट पिवळा, दगडासारखा गोळा. आजी तो दिव्यावर धरायची आणि थेंब बरोबर भेगेत सोडायची, चटका बसला की आम्ही बोंबलायचो. मे महिन्यात तोच गोळा डब्यात आपोआप लिबलिबीत व्हायचा, कारण कोकमाच्या बियांची ही चरबी ४० अंशांच्या आसपास वितळते आणि आपला पारा त्याच्याही पुढं जातो. आता हेच कोकम बटर म्हणून महागड्या डबीवर छापलेलं दिसतं.

तेलात मेण घालून मलम करणं लई जुनं. आयुर्वेदात तिळाचं तेल नि मेण मिळून सिक्थतैल, तिकडं रोममध्ये दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या वैद्यानं मेण, ऑलिव्ह तेल नि गुलाबपाणी घोटलं, तेच कोल्ड क्रीम. ऑलिव्हचं तेल गराचं असतं, बीचं नाही, पण पुढं युरोपात त्याच्या जागी बदामाचं तेल आलं. भानगड एकच, खवटपणा. डबी थोडे दिवस राहिली की वास सुटायचा. म्हणून १८७२ साली चेसब्रो नावाच्या रसायनवाल्यानं अमेरिकेत व्हॅसलीनचं पेटंट घेतलं आणि खनिज तेलातनं निघालेली ही स्वस्त जेली कधीच खवट होत नाही म्हटल्यावर बियांची तेलं मागं पडली, त्यात नवल काय.

ती परत आली उंदरांमुळं. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोनं उंदरांना अजिबात चरबी नसलेलं खाणं दिलं तर त्यांच्या कातडीला नि शेपटीला खपल्या धरल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की कमी पडत होतं ते लिनोलिक आम्ल, म्हणजे सूर्यफूल-करडईसारख्या बियांच्या तेलात भरपूर असणारा चरबीचा एक घटक. (योगायोग बघा, कोलकात्यात बोरोलीन पण १९२९ चंच.) हे आम्ल कातडीच्या वरच्या थरातल्या सेरामाईड नावाच्या चरबीत बसतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. व्हॅसलीन वरनं झाकण घालतं, पण हे आम्ल काय त्यात नाही. मग १९७४ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं की अन्न नीट अंगी न लागणाऱ्या पेशंटांच्या कातडीवर सूर्यफुलाचं तेल चोळूनच ही कमतरता भरून आली.

पण म्हणून कुठलंबी तेल चालतं असं नाही. २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलानं कातडीचा वरचा थर उलट कमजोर झाला, सूर्यफुलानं तसं झालं नाही. ऑलिव्हमध्ये ओलेइक नावाचं दुसरंच आम्ल जास्त, लिनोलिक कमी.

आणि आपली करडई? नेहमीच्या वाणाच्या तेलात लिनोलिक ७० टक्क्यांच्या पुढं, सूर्यफुलापेक्षा सरसच म्हणा. इकडं शेतकरी ज्वारीच्या कडेनं ती लावतात ते जनावर काट्यांना बिचकून आत घुसू नये म्हणून, तेलाचा फायदा वेगळाच. फक्त लिनोलिक जितकं जास्त तितकं तेल लवकर खवट, म्हणून क्रीमवाले त्यात व्हिटॅमिन ई घालतात. घाण्यावरनं आणलेली आमची बाटली एकदा खिडकीत उन्हात राहिली तर असा वास आला की दिव्यात घालायलाबी आई नको म्हणाली.