एफएसआय वेगळा, उंची वेगळी

मुंबईत पुनर्विकासाच्या कुठल्याही बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता एफएसआय वाढलाय, म्हणजे चाळीस मजले होणार." एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं माप. वर्तमानपत्रंही मागे नाहीत. एफएसआयची बातमी आली की शेजारी वरळीच्या टॉवरांचा फोटो ठरलेला. एफएसआय आणि उंची या दोन गोष्टींची गाठ कुणी मारून ठेवलीय कोण जाणे, पण ती सोडवल्याशिवाय शहराची आकाशरेषा अशी वेडीवाकडी का दिसते ते कळणार नाही.

उंची सगळ्यांनाच कळते, तिच्यावर वेळ घालवत नाही. फक्त मजल्यांवरून तिचा अंदाज बांधू नका. अल्टामाउंट रोडवरच्या अँटिलियाला मजले २७ आणि उंची १७३ मीटर. नेहमीच्या छतांच्या हिशेबाने तेवढ्यात पन्नासाहून जास्त मजले बसले असते.

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हे गुणोत्तर आहे: एकूण बांधकाम भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ. हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय ३ असेल, तर बांधकाम तीन हजार चौरस मीटर. ते कसं रचायचं याबद्दल हा आकडा गप्प आहे. निम्म्या प्लॉटवर पसरा, सहा मजल्यांत संपेल. दीडशे चौरस मीटरवर उभं करा, वीस मजले होतील. घरं तेवढीच, नळाला लागणारं पाणी तेवढंच.

गिरगाव-काळबादेवीच्या चाळी बघा. तळमजला अधिक चार, भिंतीला भिंत लागलेली. प्लॉटचा सत्तर टक्के भाग व्यापला की पाच मजल्यांतच एफएसआय ३.५ भरतो. शहर विभागात, म्हणजे उपनगरं सोडून जुन्या मुंबईत, मूळ एफएसआय आहे १.३३, २०१८च्या विकास नियमावलीत प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून निवासी इमारतीला सर्वसाधारण मर्यादा ३, तीही रुंद रस्ता असेल तरच. त्यामुळे जुनी बुटकी चाळ घनतेत नव्या टॉवरला मागे टाकू शकते. "टॉवर आले, गर्दी वाढली" हे विधान प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं ते यामुळे.

पण माणसं खरी अडखळतात ती पुढे. एफएसआय न वाढता उंची वाढते, कारण इमारतीतलं बरंच काही एफएसआयमध्ये मोजलंच जात नाही. पार्किंगचा पोडियम, म्हणजे घरांखालचे गाड्यांचे मजले, मोजत नाहीत. आगीच्या वेळी थांबायची रेफ्युजची जागा ठरावीक मर्यादेपर्यंत मोजत नाहीत. जिने आणि लिफ्ट प्रीमियम भरून वगळता येतात. २०१२ पूर्वी फ्लॉवर बेडसुद्धा मोजत नसत, म्हणून त्या काळच्या इमारतींत खिडकीबाहेर एवढे 'फ्लॉवर बेड' निघाले आणि पुढे निमूट खोलीत सामील झाले. त्या वर्षी महापालिकेने ते मोजायला घेतले आणि बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. पोडियम मात्र राहिला. आठ-दहा मजले गाड्यांचे, त्यावर घरं: कागदावर एफएसआय तोच, माथा तीसेक मीटर वर.

हे फक्त इथलंच नाही. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये इमारतीचा आकार बांधून दिला, वर जाताना पायरी-पायरीने आत सरका म्हणून; बांधकामाच्या गुणोत्तराची मर्यादा आली १९६१ मध्ये. तिथेही यंत्रसामग्रीचे मजले मोजत नव्हते. ४३२ पार्क अॅव्हेन्यू या ४२६ मीटरच्या काडीसारख्या इमारतीत ठरावीक अंतराने दोन-दोन मजले मोकळे सोडलेत. वाऱ्याला वाट म्हणून ते गरजेचेच, पण त्यांनी वरची घरं आणखी वर गेली आणि गुणोत्तरात त्यांचा हिशेब शून्य. २०१९ मध्ये शहराने अशा अवाढव्य पोकळ्या मोजायचा नियम केला.

उलटी बाजू विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरच्या लोकांना विचारा. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात, उंचीला टोपी बसलेली. एफएसआय कागदावर मिळतो, पण तो रचायला आकाशच नाही, म्हणून पुनर्विकास रखडतो. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर ४४२ मीटरचा आखला होता. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. ताडदेवच्या इम्पीरियलचे जुळे टॉवर उभे आहेत ते एम. पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टी पुनर्वसनातून. एका गल्लीत तीन प्लॉट तीन वेगळ्या योजनांखाली, प्रत्येकीचे नियम वेगळे, म्हणून त्यांचे माथेही तीन तऱ्हांचे.

तेव्हा हरकत नोंदवायची असेल तर नेमकी नोंदवा. पाणी, गटारं, रस्त्यावरची कोंडी यासाठी एफएसआय आणि घरांची संख्या विचारा. ऊन अडतंय, अग्निशमन दलाची शिडी पोहोचणार नाही, यासाठी उंची आणि बाजूची मोकळी जागा विचारा. चाळीस मजल्यांवर आक्षेप घेऊन पाणी वाचत नाही. आणि माझं मत विचाराल तर उंच इमारतीशी माझं भांडण नाही, पोडियमशी आहे. फुटपाथवरून चालताना आकाशरेषा दिसत नाही, गाड्यांची दहा मजली भिंत दिसते. नकाशा हातात आला की आधी तिचे मजले मोजा.